आधी वेध, मग मणी

मणी म्हणजे मुळात आरपार वेध असलेली वस्तू. दोरा ज्यातून जात नाही तो खडा कितीही देखणा असला तरी मणी ठरत नाही. अकीकासारख्या कठीण दगडाला आधी आकार दिला जातो, मग त्यात वेध पाडला जातो आणि त्या क्षणी दगड तडकला तर तोवरचे सारे श्रम वाया जातात. कागदी मण्याचा क्रम याच्या नेमका उलट आहे. लांबट त्रिकोणी पट्टीचा रुंद पाया बांबूच्या बारीक काडीवर ठेवून ती घट्ट गुंडाळत नेतात, निमुळते टोक डिंकाने चिकटवतात आणि काडी ओढून घेतात. म्हणजे येथे पोकळी प्रथम असते आणि मणी तिच्याभोवती नंतर घडतो.

पायाच्या रुंदीवर मण्याची लांबी ठरते आणि पट्टीच्या लांबीवर त्याची जाडी. मात्र प्रत्येक नवे वेटोळे आधीच्याहून मोठ्या परिघावरून जात असल्याने दुप्पट जाडीसाठी जवळजवळ चौपट लांब पट्टी लागते. ०.१ मिलिमीटर जाडीच्या कागदाची ३० सेंटिमीटर पट्टी गुंडाळली तरी मण्याचा व्यास सहा-साडेसहा मिलिमीटरच भरतो. शिवाय पट्टीवरील चित्र जवळपास सगळे आत गडप होते आणि बाहेर दिसतात त्या केवळ प्रत्येक वेटोळ्याच्या अरुंद कडा व अखेरचे टोक, त्यामुळे जुन्या दिनदर्शिकेचे पान निवडताना चित्र न पाहता पट्टीच्या कडेला येणारे रंग पाहावे लागतात. देवादिकांच्या चित्रांना कात्री लावू नये असे अनेक घरांत मानतात, आणि तो संकोच जपण्याजोगाच आहे. फुलांची आणि निसर्गदृश्यांची पाने या कामाला अधिक चांगली.

मध्ये फुगीर आणि टोकांकडे निमुळता असा जो आकार यातून येतो, तो कोल्हापूरकरांना परका नाही. अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत, म्हणजे तेथील सराफी पेठेत, बोरमाळेचे मणी साधारण त्याच घाटाचे असतात, आणि कोल्हापुरी साजात पानांच्या मधून ओवलेले जवमणी, म्हणजे जवाच्या दाण्यासारखे लांबट मणी, त्याच कुळातले. दशावतार, अष्टमंगल, माणिक, पाचू आणि मधला तावीज अशी साजाची एकवीस पाने परंपरेने सांगितली जातात. परंतु या दागिन्याचे खरे मर्म त्याच्या पोटात आहे, कारण ही पाने सोन्याच्या पातळ पत्र्याची असून आत लाख भरलेली असते. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा राळेसारखा स्राव. तो तापवला की मऊ होतो, निवला की कठीण होतो आणि पत्र्याला आतून आधार देतो, म्हणून थोड्या सोन्यात भरदार दागिना घडतो आणि बोटाच्या दाबाने त्याला पोचा पडत नाही. मोड देताना सराफ लाखेचे वजन वजा करतो हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक असते, तरी त्यामुळे साज कोणाला हलका वाटत नाही. सोन्याच्या दागिन्याच्या पोटात झाडावरची राळ असू शकते, तर रद्दीच्या मण्याला कमी लेखण्याचे कारण उरत नाही.

कोल्हापुरातच पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्या टेकडीचे नाव निघाले की तेथे मिळालेल्या पोसायडन या समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीचीच चर्चा होते. तेथेच सापडलेल्या मण्यांकडे मात्र फार थोडे वळतात. दीक्षितांचे मन मण्यांत रमले होते. क्षाराने रेघा काढून, भाजून पांढरी नक्षी उठवलेल्या दगडी मण्यांवर त्यांनी १९४९ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इतक्या लहान वस्तूला दिलेले ते लक्ष मराठी संशोधनाचे भूषण आहे.

कागदाला कोल्हापूरच्या पावसाळी हवेत ओल लागते, म्हणून मण्यांवर रोगणाचे दोन-तीन पातळ हात देणे भाग असते. परंतु त्यानंतर ते बहुधा रबरी दोऱ्यात ओवून टाकले जातात, ही उणीव खटकते. दागिने रेशमात गाठवून देणारा पटवेकरी जे करतो तेच येथेही करावे: प्रत्येक मण्यानंतर एक गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी हरवतो.