आमचा फारिया, ड्यूमाचा फारिया

अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘द काऊंट ऑफ माँते क्रिस्टो’ या कादंबरीचा विषय गोमंतकीय वाचकांत निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. शातो दीफच्या तुरुंगातला तो वृद्ध, विद्वान आबे फारिया मूळचा आपल्या कांदोळीचा. ड्यूमाने त्याला इटालियन करून टाकले! तक्रार करणाऱ्यांत कादंबरी पूर्ण वाचलेले असतात, संक्षिप्त आवृत्तीवर भागवलेले असतात आणि केवळ चित्रपट पाहिलेलेही असतात. या तक्रारीला आधार आहे, हे प्रथमच मान्य करतो. तरीही कादंबरीविषयीची आपल्याकडील मते ऐकता ऐकता या तक्रारीचा फेरविचार करावा असे मला वाटू लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. ही कादंबरी पॅरिसच्या एका दैनिकात ऑगस्ट १८४४ ते जानेवारी १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ओग्युस्त माके हा ड्यूमाचा लेखनसहकारी होता. मार्सेय बंदरातील एडमंड दांतेस हा तरुण खलाशी १८१५ साली ऐन साखरपुड्याच्या मेजवानीतून पकडला जातो. नेपोलियनचा हस्तक असल्याचे निनावी पत्र त्याच्याविरुद्ध गेलेले असते. समुद्रातील शातो दीफ या किल्ल्यात तो चौदा वर्षे खितपत पडतो. शेजारच्या कोठडीतील आबे फारिया भुयार खणताना चुकून त्याच्याकडे येऊन पोहोचतो, त्याला विद्या देतो आणि मरण्यापूर्वी माँते क्रिस्टो बेटावरील गुप्त धनाचा ठाव सांगतो. फारियाच्या प्रेताच्या जागी स्वतः पोत्यात शिरून दांतेस निसटतो, आणि पुढे काऊंट होऊन आपल्या वैऱ्यांचा एकेक करून सूड घेतो.

आता खरा फारिया. जुझे कुस्तोदियु द फारिया याचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळीचा. वडिलांचे घराणे कोलवाळचे. त्याचा मूळ पुरुष अंतू शेणवी नावाचा सारस्वत होता, असे चरित्रकार सांगतात. आम्ही पेडण्याचे लोक धारगळ सोडून नदीवरचा पूल ओलांडतो तेव्हा पहिले लागते ते हेच कोलवाळ. आईवडील विभक्त झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली. १७७१ साली वडिलांबरोबर हा मुलगा लिस्बनला गेला, पुढे रोमला शिकला आणि १७८० साली पाद्री झाला. राणीसमोर प्रवचन देताना त्याची वाचा बसली तेव्हा, समोर बसलेली सगळी भाजी आहे असे समज आणि चिरून टाक, असे वडिलांनी कोकणीतून पुटपुटून त्याला धीर दिला, ही आख्यायिका गोव्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट गोव्यात उघडकीस आला, आणि पुढच्याच वर्षी फारियाने लिस्बन सोडून पॅरिस गाठले. त्याच १७८८ साली आमचा पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेला. डिचोली त्याआधीच १७८१ मध्ये गेली होती. आमचे तालुके ज्या सत्तेखाली शिरत होते, त्या सत्तेच्या कक्षेतून हा शेजारगावचा मनुष्य त्याच वेळी बाहेर पडत होता.

पॅरिसमध्ये १७९५ च्या उठावात तो एका तुकडीच्या अग्रभागी होता. १८१३ पासून तो माणसांना कृत्रिम निद्रेत नेण्याचे जाहीर प्रयोग करू लागला. ही निद्रा प्रयोगकर्त्याच्या शरीरातून वाहणाऱ्या कोणत्याशा चुंबकीय द्रवाने येते, असा त्या काळचा समज होता. फारियाने तो नाकारला. निद्रेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात असते, प्रयोग करणारा केवळ सूचना देतो, हे त्याचे प्रतिपादन. आजच्या संमोहनशास्त्राचा हा पाया समजला जातो. पॅरिसने मात्र त्याची टिंगल केली. १८१६ साली त्याच्यावर प्रहसनही रंगभूमीवर आले. १८१९ च्या सप्टेंबरात तो निर्धन अवस्थेत वारला. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. तो शातो दीफमध्ये कैदी होता असेही सांगितले जाते, पण त्याला विश्वसनीय पुरावा नाही. म्हणजे ड्यूमाने उचलले ते नाव, पाद्र्याचा वेष, विद्वत्ता आणि जगाने वेड्यात काढण्याचे दुर्दैव. बाकीची व्यक्तिरेखा कल्पित आहे.

पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा पुतळा उभा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडवला. माझ्या नोकरीची बरीच वर्षे त्या सचिवालयात गेल्याने या पुतळ्याविषयीची मतेही मी पुष्कळ ऐकली. हात पसरलेला झगाधारी पुरुष आणि त्याच्यापुढे कोसळणारी स्त्री पाहून कामानिमित्त आलेला सत्तरीचा एखादा शेतकरी विचारी, “हा कोण, भूत काढणारा घाडी?” ज्याने अशा गोष्टींतला चमत्कार काढून टाकला, त्यालाच लोकांनी घाडी करून ठेवावे, यात गंमत आहे आणि खेदही. पुतळ्याने घाडी केला, कादंबरीने इटालियन केला, मग आमचा फारिया उरला कुठे, असे अभिमानी गोमंतकीयाला वाटणे स्वाभाविक आहे.

निवृत्तीनंतर डिचोलीत आम्ही काही वाचक महिन्यातून एकदा एकत्र बसतो. काही काळापूर्वी याच कादंबरीवर दोन बैठका झाल्या. कोणी इंग्रजी अनुवाद वाचला होता, कोणी मराठी संक्षेप. लायसेंवमध्ये फ्रेंच शिकलेल्या एका ज्येष्ठांनी मूळ ग्रंथ वाचला होता. तेथे जी मते पडली ती मला महत्त्वाची वाटतात.

आमच्यातील सर्वांत तरुण वाचकाला सूडाचा भाग आवडला, यात नवल नव्हते. त्याच्या मते ज्यांना न्यायालये शिक्षा करू शकत नाहीत त्यांना कोणीतरी शिक्षा करतो, हे पाहण्याचे समाधान दुसरी कोणतीही कादंबरी इतक्या भरभरून देत नाही. एका निवृत्त शिक्षिकेने त्याला लगेच अडवले. दांतेसची वाग्दत्त वधू मेर्सेदेस अठरा महिने वाट पाहते आणि मग फेर्नांशी विवाह करते. वैऱ्यांपैकी तो एक आहे, हे तिला ठाऊकही नसते. पुढे काऊंटला प्रथम ओळखते तीच. अखेरीस मात्र तिच्या वाट्याला येते ती दांतेसच्या बापाची जुनी जागा आणि लग्नासाठी त्याने कधीकाळी पुरून ठेवलेली शिल्लक. या बाईंचे म्हणणे असे की, लेखकाने काऊंटच्या दुःखाचा हिशेब बाराशे पानांत मांडला, मेर्सेदेसच्या दुःखाला काही पानेच दिली.

मला अनपेक्षित वाटले ते एका माजी ट्रकमालकाचे मत. त्याला ना सूडात रस, ना खजिन्यात. त्याच्या लेखी कादंबरीचा प्राण म्हणजे मोरेल शेठजीचे प्रकरण. दांतेसचा हा सज्जन मालक. त्याची जहाजे बुडतात, हुंड्या ५ सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता देय असतात आणि तो पिस्तूल पुढ्यात घेऊन घड्याळाकडे पाहत बसतो. हे सांगताना आमचा मित्र क्षणभर थांबला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यात दाराशी उभे राहिलेले ट्रक आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. पुढे थोडे काम सुरू झाले आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबले. खनिज नाही, फेऱ्या नाहीत, पण हप्त्याची तारीख येतेच. मोरेलला अखेरच्या क्षणी लाल थैली मिळते; “तशी थैली कोणाकोणाला मिळाली नाही,” एवढेच तो म्हणाला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

पेडण्याहून आलेल्या एका गृहस्थांना खानावळवाला कादरूस आठवत होता. मित्राचे भले व्हावे असे वाटणारा, पण भित्रा आणि लोभी मनुष्य. एक हिरा हाती पडतो आणि त्या हिऱ्यापायी तो खुनापर्यंत जातो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आगेमागे आमच्या तालुक्यात जमिनींचे भाव कसे चढले आणि एका अंगणात वाढलेले भाऊ एकमेकांविरुद्ध कागद कसे काढू लागले, हे त्यांनी जवळून पाहिले आहे. ड्यूमाने कादरूसला खलपुरुष न करता सामान्य माणूस केला, हीच त्याची थोरवी, असे त्यांचे मत.

माझ्यापुरते सांगायचे तर, आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसाला एक प्रकरण अस्वस्थ करते. तुरुंग-निरीक्षक शातो दीफच्या पाहणीस येतो. दांतेस त्याला विनवतो, मला सोडू नका, पण माझी चौकशी तरी करा. निरीक्षक दुष्ट नाही. त्याचे मन द्रवते आणि तो नोंदवही मागवतो. दांतेसच्या नावापुढे, हा कडवा बोनापार्टपंथी असून याला कडक एकांतात ठेवावे, अशी नोंद वेगळ्या हस्ताक्षरात आढळते. निरीक्षक ती वाचतो, खाली काही करता येण्यासारखे नाही अशा अर्थाचा शेरा लिहितो आणि निघून जातो. निनावी पत्र लिहिणाऱ्यांचा द्वेष समजतो, स्वतःची कारकीर्द वाचवणारा सरकारी वकील विल्फोरही समजतो. पण आधीच्या शेऱ्यावर विसंबून पुढचा शेरा मारणारा हा भला अधिकारी कोणत्याही सूडाच्या यादीत नाही, आणि माणसाची पुढची बारा-तेरा वर्षे त्याच्या एका ओळीखाली गाडली जातात. याच पाहणीत तो फारियाच्याही कोठडीत जातो. सुटकेच्या बदल्यात सरकारला कोट्यवधींचे धन देऊ करणाऱ्या त्या पाद्र्याला सगळे हसतात, कारण हा वेडा, असे आधीच ठरलेले असते.

ही मते एकत्र ठेवून पाहिली तेव्हा माझ्या ध्यानात आले की, प्रत्येक वाचकाने कादंबरीत आपल्या ओळखीचा अन्याय शोधला होता. मग ड्यूमाने आमचा माणूस पळवला, ही तक्रारही त्याच जातीची. तीही एका अन्यायाची नोंद आहे. परंतु कादंबरीत सर्वांत मोठा अन्याय कोणावर होतो? दांतेसच्या आधीपासून, १८११ पासून, शातो दीफमध्ये असलेल्या आणि तेथेच मरणाऱ्या फारियावर. तो त्या अन्यायाचे काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. माशाच्या काट्यांपासून लेखणी आणि काजळीपासून शाई करून तो सदऱ्यांच्या कापडावर राज्यशास्त्राचा ग्रंथ लिहितो. भिंत फोडायला तो तयार असतो, मात्र पहारेकऱ्याचा जीव घेण्यास नकार देतो. दांतेसला प्रश्न विचारत विचारत तो त्याच्याच स्मरणातून त्याच्या वैऱ्यांची नावे बाहेर काढतो. आणि ते करताच त्याला पश्चात्ताप होतो, कारण या तरुणाच्या मनात आपण सूडाचे बी पेरले, हे तो तत्क्षणी ओळखतो.

खऱ्या फारियाचा सिद्धान्त येथे आठवावा. शक्ती बाहेरून येत नाही, ती ज्याच्या-त्याच्या मनात असते, दुसरा फक्त तिला जागे करतो. कोठडीतला गुरू दांतेसच्या बाबतीत नेमके हेच करतो, आणि जागे झालेल्या शक्तीचा पुढे काय उपयोग होईल याची धास्तीही बाळगतो. ड्यूमाने फारियाचा ग्रंथ वाचून हे योजले असे माझे म्हणणे नाही. पण सूडाने पेटलेल्या या कथेत ज्या एका माणसाचे मन गढूळ होत नाही, त्याला त्याने फारियाचे नाव दिले. शेवटी सूडाच्या वावटळीत विल्फोरचा कोवळा मुलगा मरतो आणि काऊंटला प्रथमच आपल्या अधिकाराची शंका येते, तेव्हा तो त्याच तुरुंगात परत जातो. तेथे त्याच्या हाती पडते ते गुरूने कापडावर लिहिलेले हस्तलिखित. तोवर खजिन्याचे मोल त्याच्या लेखी फारसे उरलेले नसते.

म्हणून तक्रारखोर मित्रांना माझे सांगणे इतकेच की, ड्यूमाने फारियाचे जन्मगाव बदलले, हे खरे. पण पॅरिसने ज्याची टिंगल केली त्या माणसाच्या नावाला त्याने पंचवीस वर्षांनी जगभर मानाचे स्थान दिले. कांदोळीचा उल्लेख कादंबरीत नाही, तर तो आपण करावा. आपल्या मुलांना पुतळ्यापाशी नेऊन हा घाडी नव्हे, हे समजावून सांगावे. फारियाचा १८१९ चा ग्रंथ आपल्या वाचकमेळाव्यांत मराठीतून चर्चिला जावा, अशी माझी फार इच्छा आहे. ते काम ड्यूमाचे नव्हते. ते आपले आहे, आणि त्यासाठी कोणाविरुद्ध तक्रार करण्याची गरज नाही.