स्फटिकांच्या दप्तरातील नोंद

कॅल्शियम सल्फेटाच्या शुभ्र भुकटीत डिस्प्रोशियमचा लेशमात्र अंश मिसळून केलेली चकती किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात आली, म्हणजे त्या प्रारणाने स्थानभ्रष्ट केलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील उणिवांच्या सापळ्यांत अडकून पडतात, तेथे महिनोन्‌महिने राहतात, आणि चकती सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापविली असता सुटताना अल्पसा प्रकाश देतात. त्या प्रकाशाचे मापन करून मात्रेचा आकडा दप्तरी दाखल करणे हा माझा व्यवसाय. आपल्याकडील अणुऊर्जा-केंद्रांतील कर्मचारी छातीवर जो बिल्ला लावतात, त्यात हीच चकती असते. वाचताना नोंद पुसली जात असल्याने, चकतीला बोटांचा स्पर्श होऊ न देणे आणि यंत्रातील नायट्रोजनचा प्रवाह अखंड राखणे, या वरवर क्षुल्लक गोष्टींना मी फार जपतो. धुळीचा किंवा तेलकटपणाचा खोटा प्रकाश एकदा हिशेबात शिरला की तो वेगळा काढणे दुष्कर होते.

याच पदार्थाने अंतराळातही इमानेइतबारे चाकरी केली आहे. अपोलोच्या यात्रिकांनी अंगावर बाळगलेले तापदीप्त स्फटिक पृथ्वीवर परतल्यावरच वाचता येत. बुडापेस्टच्या संशोधकांनी मात्र ही भुकटी काचेच्या निर्वात बल्बात बसवून, यानातच वाचन करणारे ‘पिल्ले’ नावाचे सुटसुटीत यंत्र सिद्ध केले, आणि 1980 साली अंतराळवीर बर्तालान फार्कश यांनी ते सॅल्यूत-6 या स्थानकावर वापरले. ज्याच्या देहाला धोका, त्यालाच त्याचा आकडा जागच्या जागी कळावा, ही गोष्ट मला यंत्रातील कौशल्यापेक्षाही थोर वाटते.

पृथ्वीवर निसर्गतः माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलीसीव्हर्ट मात्रा मिळते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर तेवढी चार-पाच दिवसांतच पदरी पडते. परंतु मापकाची खरी कसोटी मात्रेच्या परिमाणापेक्षा तिच्या जातीने लागते. सूर्यमालेबाहेरून प्रचंड वेगाने येणारे लोहासारखे जड अणुकेंद्र स्फटिकातून जाताना आपल्या मार्गावर इतकी दाट ऊर्जा ओतते, की त्या अरुंद वाटेवरील सापळे भरून जातात आणि उरलेल्या ऊर्जेची प्रकाशरूपाने नोंदच होत नाही. म्हणजे शरीरातील पेशींना ज्याच्यापासून सर्वाधिक अपाय, त्याचीच मात्रा स्फटिक उणी सांगतो. मापकांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम फ्लुओराइडच्या स्फटिकांचीही गत निराळी नाही. यास्तव सीआर-39 नावाच्या प्लॅस्टिकचे तुकडे स्फटिकांच्या शेजारी ठेवून, परतीनंतर ते कॉस्टिक सोड्याच्या ऊन द्रावणात झिजवून, जड कणांच्या वाटेवर उमटलेले खळगे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. काम संथ आहे, डोळे शिणविणारे आहे. तथापि केवळ स्फटिकांच्या प्रकाशावरून तयार केलेला अंतराळवीराच्या मात्रेचा तपशील मी पुरा मानीत नाही, आणि त्यावर कोणी सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.