परकोटाच्या आत, बाबांच्या चालीने

आई गेल्यापासून बाबांनी घराबाहेर पडणे जवळजवळ सोडले होते. डिसेंबरातील एका सकाळी, ऊन कोवळे असताना, मी त्यांना चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजाशी घेऊन आलो. गोंडराजांच्या परकोटाला असलेल्या चार दरवाजांपैकी हा एक. हत्तीवर आरूढ सिंहाचे राजचिन्ह पाहण्यासाठी बाबा काठीवर रेलून थांबले. मीही घाई केली नाही.

जवळच्या गाडीवर तर्री-पोहे घेतले. रक्तदाबामुळे तर्री बेताचीच, शेव नाही, लिंबू मात्र भरपूर. एक बशी दोघांत. “सांबारवडी नाही का?” बाबांनी विचारले. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या या मुलखातील ती तळलेली वडी आम्ही अर्धी-अर्धी वाटून घेतली. कित्येक आठवड्यांनी त्यांनी काही मागून खाल्ले होते.

पुढचे अंतर मोठे, म्हणून अंचलेश्वर मंदिरापर्यंत रिक्षा केली. तेथील समाधिस्थळी मात्र पायीच फिरलो, दोनदा बसून. राजा बीरशाहांची ही समाधी राणी हिराईंनी पतीच्या स्मरणार्थ बांधली. बाबा बराच वेळ दगडांवरील नक्षी पाहत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आईला पोह्यांवर शेव लागायचीच.” आठ महिन्यांत प्रथमच त्यांनी तिचा विषय काढला होता.

वृद्धांना फिरायला नेताना अंतर त्यांच्या दमानुसार ठरवावे. पाणी व नेहमीची औषधे जवळ असावीत. चंद्रपूरचा उन्हाळा टाळावाच. आणि वाटेत स्वस्थ बसण्यासाठी वेळ राखून ठेवावा. मनातले बोलणे बहुधा तेव्हाच ओठांवर येते.