आगरकर, टिळक आणि आजीव सदस्यत्वाचा प्रश्न

गोपाळ गणेश आगरकरांचे १७ जून १८९५ रोजी निधन झाले आणि ज्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होते, त्याच पत्रात त्यांच्यावरील मृत्युलेख लिहिण्याची वेळ बाळ गंगाधर टिळकांवर आली. दोघांच्या वयात अवघ्या ९ दिवसांचे अंतर होते. १८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दोघांनी एकत्र बसून सरकारी नोकरी न करता शाळा काढण्याचा बेत आखला होता आणि १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस त्यांनी बरोबरच काढले होते. मृत्युलेख लिहिला गेला तेव्हा मात्र या मैत्रीत दुरावा येऊन काही वर्षे लोटली होती. या दुराव्याविषयी लिहावे असे या अंकाच्या संपादकांनी सुचवले, तेव्हा ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा सर्वपरिचित वादच त्यांना अभिप्रेत होता.

तो वाद खरा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. संमतिवयाच्या प्रश्नावर दोघे समोरासमोर उभे राहिले, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली आणि १८८८ पासून ‘सुधारक’ या आपल्या पत्रातून त्यांनी जे लिहिले त्याने पुणे ढवळून निघाले. परंतु शिक्षणसंस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला एका गोष्टीचा वारंवार विषाद वाटतो. टिळक १८९० च्या अखेरीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले ते सुधारणेच्या प्रश्नावर नव्हे, तर शिक्षकाने संस्थेला नेमके काय द्यायचे या प्रश्नावर. शालेय पुस्तके हा तपशील गाळतात, व्याख्याते तो कंटाळवाणा समजतात आणि परिणामी जे दोन तरुण सर्वप्रथम शिक्षक होते ते केवळ दोन मतांचे पुतळे होऊन बसतात.

हा तपशील समजण्यासाठी ‘आजीव सदस्य’ ही संज्ञा उलगडणे आवश्यक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, वामन शिवराम आपटे त्याच वर्षी येऊन मिळाले आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर १८८१ मध्ये रुजू झाले. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. या संस्थेचा कारभार पगारी नोकरांच्या हाती नव्हता, धनिक विश्वस्तांच्याही नव्हता. शिकवणारेच संस्थेचे चालक होते. २० वर्षे सेवेचे वचन द्यायचे, महिना ७५ रुपयांच्या आसपास वेतन घ्यायचे आणि कुटुंबासाठी ३,००० रुपयांचा आयुर्विमा संस्थेने उतरवायचा, अशी ही बांधीलकी होती. याच पदवीच्या बळावर सरकारी खात्यात याच्या कित्येक पट वेतन मिळू शकत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वचनाचे वजन कळते.

वाद येथेच उद्भवला. टिळकांचे म्हणणे असे की आजीव सदस्याने ख्रिस्ती जेझुइट धर्मसंघाच्या व्रतस्थांप्रमाणे आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून काही मिळाले तर तेही संस्थेच्या कोशात टाकावे. आगरकरांचे म्हणणे असे की वेतन संसाराला पुरेल इतके असावे, वर्गातले काम चोख झाल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा असावा आणि लेखनातून मिळणाऱ्या चार पैशांचा हिशेब संस्थेने मागू नये. होळकर महाराजांनी दिलेली देणगी व्यक्तीची की संस्थेची, वेतनवाढ करावी की नाही, असे प्रसंग एकामागून एक आले आणि १८९० मध्ये आजीव सदस्य असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभा या बाहेरच्या संस्थेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा टिळकांनी राजीनामा दिला, तोही प्रदीर्घ, मुद्देसूद आणि आजही वाचताना मन अस्वस्थ करणारा.

टिळकांचा पक्ष तात्त्विकदृष्ट्या अधिक सुसंगत होता, असे प्रस्तुत लेखकाचे दीर्घकाळ मत होते. ते आता तसे राहिलेले नाही. वृत्तपत्र चालवणे हेही बाहेरचेच काम होते व ते टिळकही करीत होते, आगरकरही. म्हणून वेळेच्या मोजमापाने हा प्रश्न सुटणारा नव्हता. शिवाय दम्याने पोखरलेल्या आगरकरांना संसारापुरते वेतन मागावेसे वाटणे यात व्रतभंग कोणता, याचे उत्तर त्या राजीनाम्यात सापडत नाही. चिपळूणकर ३१ व्या वर्षी गेले, आपटे १८९२ मध्ये ऐन तारुण्यात गेले, त्यांच्यामागून प्राचार्य झालेले आगरकर ३८ व्या वर्षी गेले. या मृत्यूंची कारणे एक नव्हती. तरीही संस्थेच्या पहिल्या दीड दशकाचा विचार करताना ही वये नजरेआड करता येत नाहीत.

अलीकडे एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणग्रंथासाठी प्रस्तुत लेखकाने सादर केलेल्या मजकुरातून वेतनाचे प्रकरण वगळावे, कारण त्यागाच्या कथेत पैशाची भाषा शोभत नाही, अशी सूचना आली. ती सूचना अद्याप मनातून जात नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतेच मानधन घेऊन, वर्षानुवर्षे राबणाऱ्या अध्यापकांना आगरकरांचा त्याग ऐकवला जातो. पण आगरकरांचे दारिद्र्य त्यांनी स्वतः पत्करलेले होते, संस्थेच्या कारभारात त्यांचे मत मोजले जात होते आणि वेतन अपुरे आहे असे ते उघडपणे म्हणू शकत होते. यांतली एकही गोष्ट तासिकेवरच्या अध्यापकाच्या वाट्याला येत नाही.

आगरकरांच्या अखेरच्या दिवसांविषयी चरित्रकार सांगतात की आपल्या अंत्यविधीचा भार पत्नी यशोदाबाईंवर पडू नये म्हणून त्या खर्चाचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते. टिळकांचा मृत्युलेख १८ जून १८९५ च्या ‘केसरी’साठी लिहिला गेला. फर्ग्युसनची प्राचार्यपदाची जबाबदारी महादेव शिवराम गोळे यांनी उचलली. ज्यांच्या चिटणीसपदावरून टिळकांनी संस्था सोडली ते गोखले आपले २० वर्षांचे वचन पुरे करून मगच निवृत्त झाले. आगरकरांच्या वचनाची वर्षे मात्र अपुरी राहिली.