समुद्रातून हाक, किनाऱ्याहून ओ

भर समुद्रात होडीचे इंजिन बंद पडले, तर हाक कुणाला मारायची? मोबाइल तर तिथे मुका होतो. म्हणून २०१० मध्ये इस्रोचे संकटसूचक यंत्र मच्छीमारांच्या हाती आले. बटण दाबले, की उपग्रहामार्फत निरोप बंगळूरच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जाई. पण आपली हाक कुणी ऐकली का, हे नाखव्याला कळत नसे. लाटांशी झुंजणाऱ्याचा धीर सुटतो तो अशा वेळीच. २०२४ मध्ये आलेल्या नव्या यंत्रावर किनाऱ्याहून पोच मिळते. मोबाइलवर ती आपल्या भाषेत वाचताही येते. मदत पोहोचेपर्यंत तेवढी ‘ओ’ माणसाला तगवते. तेव्हा घरधनी दर्यावर निघताना भाकरीबरोबर यंत्राची बॅटरीही घरच्यांनी आठवणीने पाहावी!