एका स्तंभाचा धडा

परवा आठवीच्या अठ्ठावीस वह्या तपासताना एकाच चुकीवर मी अठ्ठावीस वेळा लाल रेघ ओढली. पटपडगंजच्या लढाईत प्रत्येकाने महादजी शिंद्यांना हजर केले होते! लढाई १८०३ ची. महादजी तर १७९४ सालीच वारले. शेवटच्या वहीशी मात्र हात थबकला. चूक मुलांची नव्हती, माझी होती. “ही लढाई कोणाकोणात झाली, ते आंतरजालावर शोधा,” असे मी सांगितले होते, आणि मुलांनी पहिल्या पानावर जे दिसले ते उतरवून काढले होते.

अमेरिकेतील सॅन डिएगोचे प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ साली ‘वेबक्वेस्ट’ नावाची पद्धत मांडली, तिचे मर्म हेच. शिक्षकाने साधने निवडून द्यावीत, भूमिका वाटाव्यात आणि कामगिरी अशी सोपवावी, की माहिती नुसती गोळा करून भागू नये. आपल्या दिल्लीत सुगत मित्रा यांनी १९९९ साली कालकाजी येथे भिंतीत संगणक बसविला, तेव्हा शेजारच्या झोपडवस्तीतील मुले तो आपोआप हाताळू लागली. ते वाचून, आता शिक्षकाची गरजच संपली की काय, अशी धास्ती मला वाटली होती. या वह्यांनी ती घालविली. यंत्र हाताळणे मुले आपण होऊन शिकतात. शंका घेणे शिकवावे लागते.

मग मी वर्गाचे चार गट केले : जनरल लेकचा, दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा, अंध बादशहा शाह आलमचा आणि यमुनाकाठच्या गावकऱ्यांचा. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांची फौज आपली भक्कम जागा सोडून पुढे का आली आणि त्याचे कोणाला काय भोगावे लागले, हे वर्गाला पटवून द्यायचे. पहिल्या गटाने लेकची हूल सांगितली. घोडदळ मागे घेऊन त्याने माघारीचा देखावा केला. दुसऱ्याने शिंद्यांचा फ्रेंच सेनानी लुई बुर्किन याच्याकडे बोट दाखविले. वर्गात कडाक्याचे भांडण जुंपले, आणि ते मला फार गोड वाटले.

चौथा गट मात्र रिकाम्या हातांनी उठला. त्यांच्यासाठी साधने मलाही मिळाली नव्हती. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, नोएडाच्या गोल्फ मैदानात या लढाईचा स्तंभ आहे, पण तो जिंकणाऱ्यांचा. मग इथल्या गावकऱ्यांची आणि हरलेल्यांची नावे कुठे शोधायची?”

मी निरुत्तर झाले. तीस वर्षे या शहरात मी मराठी म्हणून मिरवले, पानिपताच्या नावाने डोळे ओले केले. परंतु जेथे दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला, ते मैदान पुलापलीकडे असूनही मी कधी पाहिले नव्हते.

त्या गटाला मी पूर्ण गुण दिले. गुणांच्या तक्त्यात ‘काय सापडले नाही’ असा रकाना नव्हता. तो मी हातानेच आखला.