लिहिलेला जॅझ

जॅझ म्हणजे उपज, आणि उपज कागदावर उतरली की संपली, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. त्यावरून मित्रांशी वाद घातले. ख्याल ऐकत वाढलेल्या माणसाला हे मत कुठून उसनं आणावं लागत नाही. गवई या खेपेला समेवर कुठल्या वाटेने येणार हे त्यालाही आधी ठाऊक नसतं, आणि आपण तिथेच जीव मुठीत धरून बसतो. हीच कसोटी मी जॅझला लावली. आर्ट टेटम, बिल इव्हान्स हे पियानोवादक तिला उतरले. रचनाकार निकोलाय कापुस्तिन यांचं नाव कानावर आलं, तेव्हा त्यांना मात्र ऐकण्याआधीच बाजूला ठेवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत लिहून काढलेला जॅझ, तो काय ऐकायचा!

आज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पियानो-रचनाकारांत मी त्यांना फार वरचं स्थान देतो.

कापुस्तिन यांचा जन्म १९३७ चा, युक्रेनमधल्या होर्लिव्का गावचा. किशोरवयात मॉस्कोला आले आणि कॉन्झर्व्हेटरीत अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याकडे शिकले. गोल्डनवायझर म्हणजे टॉलस्टॉयच्या घरी जाऊन पियानो वाजवणारे बुजुर्ग. तालीम अस्सल रशियन. जॅझ मिळाला तो ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून. १९५७ साली मॉस्कोच्या जागतिक युवक महोत्सवात त्यांची ‘कॉन्चर्टिनो’ वाजली, तीच त्यांनी पुढे ऑपस १, म्हणजे आपली पहिली रचना, म्हणून नोंदवली. १९६१ मध्ये कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडले ते थेट ओलेग लुंडस्ट्रेम यांच्या बिग बँडमध्ये, आणि तिथे अकरा वर्षं राहिले. नंतर नभोवाणी आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नोकरी, आणि मग घरी बसून फक्त लेखन. मंचाची हौस त्यांना नव्हती. आपण जॅझ वाजवणारे नव्हेतच, आयत्या वेळच्या उपजेत आपल्याला रस नाही, सुचलेलं लिहून काढलं की ते अधिक चांगलं होतं, असं ते मुलाखतींत सरळ सांगत. हे वाचून तर माझं मत आणखीच पक्कं झालं होतं.

ते फिरलं माझ्या भाचीच्या पियानोशेजारी. कापुस्तिन यांचे आठ ‘कॉन्सर्ट एट्यूड’ आहेत, म्हणजे हात तयार करणाऱ्या, पण मैफलीत वाजवायच्या रचना; ऑपस ४०, १९८४ चे. त्यातला पहिला ती बसवत होती आणि पानं उलटायला मी बसलो होतो. कागदावर नजर ठेवली तर दिसलं की एका मात्रेचे चार भाग केले असतील, तर आघाताची खूण पुष्कळदा चौथ्या भागावर आहे, आणि तोच सूर पुढच्या मात्रेच्या डोक्यावरून ओढून नेलाय. जिथे ठोका पडावा असं कानाला वाटतं, तिथे हात नवा सूर वाजवतच नाही. अशा खुणा पानभर. मेट्रोनोम निम्म्या गतीवर ठेवून तिने ते सगळं इमानाने वाजवलं, आणि कितीतरी दिवस ते नुसतंच अचूक येत राहिलं. मग एका संध्याकाळी ते डोलायला लागलं. सूर तेच, आघात तेच, गतीही फारशी वाढलेली नव्हती. पण आता तिला ठोका मोजावा लागत नव्हता. तो तिच्या अंगात चालू होता आणि बोटं त्याच्याभोवती खेळत होती.

मी ज्याला उपजेचा प्राण समजत होतो तो हाच होता. सूर कधी ठरला, काल की या क्षणी, यावर तो अवलंबून नाही. बंदिश तरी कुणीतरी आधी बांधलेलीच असते आणि गुरूने दिली तशीच घेतलेली असते. ती शिळी वाटली तर आपण गाणाऱ्याला बोल लावतो, बंदिशीला नाही. ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमधल्या वादकांपुढेही लिहिलेले कागद असत, आणि त्याला जॅझ म्हणायला मी कधी कचरलो नव्हतो.

शास्त्रीय आणि जॅझ यांना जोडणाऱ्या बऱ्याच रचनांत सांधा दिसतो. गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’वर माझं प्रेम आहे, पण तिथेही तो दिसतो. कापुस्तिन यांचा १९७७ चा ‘जुन्या शैलीतला सूट’ घ्या. आलमांद, गावोत, सारबांद, बुरे, जीग असा बाखच्या काळातल्या नृत्यांचा साचा, आणि आत सगळी भाषा जॅझची. सांधा सापडत नाही, कारण बाख काय आणि जॅझ काय, खाली लय न थांबता चालते आणि सुरांची ओळ तिच्यावर धावते. १९९७ मध्ये त्यांनी चोवीसही स्वरपट्ट्यांत प्रिल्यूड आणि फ्यूग लिहिले. फ्यूगमध्ये एकच धून अनेक आवाज आळीपाळीने उचलतात. जॅझच्या चालीवर इतके आवाज एकमेकांत इतके घट्ट गुंफायचे तर कागद लागतोच. तिथे लेखन ही उपजेची नक्कल उरत नाही. उपजेला जे जमत नाही ते लेखन करतं.

सगळंच पटलं असं नाही. त्यांच्या वीस सोनाटांपैकी काहींत सुरांची इतकी दाटी आहे की श्वास घ्यायला जागा नाही. प्रत्यक्ष मैफलीतली उपज मला आजही तितकीच प्रिय आहे. पण लिहिलेलं ते निर्जीव, हे वाक्य मी पुन्हा बोलणार नाही.

कापुस्तिन २ जुलै २०२० रोजी मॉस्कोत वारले. तुम्ही त्यांना ऐकलं नसेल तर त्या आठांतल्या सातव्या एट्यूडपासून, ‘इंटरमेझो’पासून सुरुवात करा. आधी खुद्द कापुस्तिन यांनी वाजवलेला ऐका, मग पियानोवादक मार्क-आंद्रे हॅमलिन यांचा. कागद दोघांपुढे एकच होता, आणि तरी दोन्ही ऐकायलाच हवेत.